टूर द फ्रान्स कधीच न जिंकलेला तिबो पिनो फ्रान्सचा एवढा लाडका कसा झाला?

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की वाटेत निमगाव केतकी लागतं. त्या दिवशी गावाला कुठे जावं लागत नाही. सोहळाच दारावरून जातो आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायला तिकीट लागत नाही.

साधारण त्याच दिवसांत, म्हणजे जुलैमध्ये, फ्रान्समधल्या शेकडो गावांच्या दारावरून एक सायकल शर्यत जाते. तिचं नाव टूर द फ्रान्स. इथे तुलना श्रद्धेची नाही, रस्त्याची आहे. लोक सकाळपासून रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसतात. आधी जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा टोप्या आणि खाऊ फेकत जातो. मग बऱ्याच वेळाने सायकलपटू येतात. रस्ता सपाट असेल तर सगळा घोळका अर्ध्या मिनिटात दिसेनासा होतो. घाट असेल तर मात्र वेग उतरतो, घोळका फुटतो आणि एकेक चेहरा ओळखू येतो.

गेल्या दशकात फ्रान्सच्या घाटांवर लोकांनी सगळ्यात जास्त वाट पाहिली असेल अशा चेहऱ्यांपैकी एक होता तिबो पिनोचा. त्याने टूर द फ्रान्स जिंकली नाही. एक दिवसासाठीसुद्धा पिवळी जर्सी घातली नाही. दहा वेळा टूरला उतरला आणि त्यातल्या चार वेळा शर्यत अर्ध्यावर सोडून घरी गेला. तरीही २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा एका अख्ख्या वळणाला लोकांनी त्याचं नाव दिलं होतं.

मेलिझे नावाचं गाव

पिनोचा जन्म २९ मे १९९० चा. पूर्व फ्रान्समध्ये ओत-सोन नावाचा जिल्हा आहे, तिथल्या मेलिझे या छोट्या गावातला तो. मागे व्होज पर्वताच्या रांगा, आसपास जंगलं, तळी आणि कुरणं. वडील रेजी हे गावाचे मेयर राहिलेले. फ्रान्समध्ये अगदी लहान गावालाही मेयर असतो, आपल्याकडे सरपंच असतो तसा.

थोरला भाऊ जुलियाँ हाही सायकलवाला, पण त्याची वाट वेगळी. सायकलपटू पेडलवर किती ताकद लावतो हे मोजण्याच्या शास्त्रात त्याने डॉक्टरेट केली आणि पुढे तिबोच्याच संघात तो प्रशिक्षक झाला. म्हणजे पिनोच्या कारकिर्दीतला प्रत्येक चढ, प्रत्येक आजारपण आणि प्रत्येक वाईट दिवस घरातल्याच माणसाच्या वहीत आकड्यांनी लिहिला गेला.

२००९ मध्ये इटलीतली व्हाले दाओस्ता ही तरुणांची डोंगरी शर्यत त्याने जिंकली आणि २०१० मध्ये तो व्यावसायिक झाला. संघाचं नाव एफडीजे. हे नाव जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे.

सायकलिंगच्या संघाला स्वतःचं मैदान नसतं, त्यामुळे तिकीटविक्रीही नसते. शर्यत सार्वजनिक रस्त्यावर, प्रेक्षक फुकट. मग पैसा येतो कुठून? बहुतेक सगळा प्रायोजकाकडून. म्हणून संघाचं नावच प्रायोजकाचं असतं आणि प्रायोजक गेला की अनेकदा संघही बंद पडतो. एफडीजे म्हणजे फ्रान्सची राष्ट्रीय लॉटरी. २०१८ पासून नावात ‘ग्रुपामा’ आलं. ही विमा कंपनी, आणि तिचं मूळ शेतकऱ्यांनी एकमेकांच्या नुकसानीसाठी उभ्या केलेल्या परस्पर विमा संस्थांमध्ये आहे. सहकाराच्या पट्ट्यातल्या वाचकाला हे नातं वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पिनोने २०१० ते २०२३ अशी सगळी १४ वर्षं याच एका संघात काढली. जास्त पैसे देणाऱ्या संघांकडे जाणं या खेळात रोजचंच असतं. त्या हिशेबाने ही गोष्ट दुर्मीळ आहे.

गाडीच्या खिडकीतून ओरडणारा बॉस

संघाचा प्रमुख होता मार्क माडियो. स्वतः जुना सायकलपटू. पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांवरची भयानक शर्यत त्याने १९८५ आणि १९९१ अशी दोनदा जिंकलेली. २०१२ च्या टूरसाठी २२ वर्षांच्या पिनोला इतक्या लवकर न्यावं की नाही, याबद्दल तो सुरुवातीला साशंक होता. शेवटी नेलं. त्या वर्षीच्या शर्यतीतला पिनो हा सगळ्यात लहान स्पर्धक.

आठवा टप्पा बेलफोर्ट शहरातून सुटला. हे शहर पिनोच्या घराच्या जवळचं. शेवट होता सीमेपलीकडे, स्वित्झर्लंडमधल्या पोरांत्रुईला. शेवटच्या घाटात पिनो पुढच्या सगळ्यांना मागे टाकून एकटा निघाला. मागून जगातले बडे सायकलपटू पाठलाग करत होते. संघाची गाडी त्याच्या बाजूला आली आणि माडियो कमरेपर्यंत खिडकीबाहेर येऊन, दारावर हात आपटत, घसा फुटेस्तोवर ओरडायला लागला. पिनो २६ सेकंदांनी जिंकला. ते दृश्य आजही सायकलिंगच्या चाहत्यांमध्ये फिरत असतं.

पॅरिसला पोहोचला तेव्हा तो एकूण क्रमवारीत दहावा होता. १९४७ नंतर इतक्या लहान वयात कुणी पहिल्या दहात आलं नव्हतं.

आणि इथूनच त्याच्या पाठीवर एक ओझं बसलं. टूर द फ्रान्स जिंकणारा शेवटचा फ्रेंच पुरुष म्हणजे बेर्नार इनो. साल १९८५. त्यानंतर अमेरिकन, स्पॅनिश, इटालियन, ब्रिटिश सगळे जिंकून गेले, यजमान मात्र बघत राहिले. त्यामुळे डोंगरात बरा चालणारा कुठलाही फ्रेंच पोरगा दिसला की तिथल्या वर्तमानपत्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हाच का तो?

ही शर्यत जिंकतात म्हणजे नेमकं काय करतात?

पुढची गोष्ट कळायला थोडं गणित लागेल. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने जिल्ह्यातल्या लोकांनी अशी अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत घराजवळ पाहिली. पुरंदरहून निघालेला तिचा एक टप्पा थेट बारामतीत आला. टूर द फ्रान्सचं तत्त्व तेच, आकार प्रचंड. तीन आठवडे, २१ टप्पे, साधारण ३,४०० किलोमीटर. बारामती ते इंदापूर हा रस्ता ५० किलोमीटरच्या आसपास भरतो. तो निमगाव केतकीमार्गे रोज तीन ते चार वेळा कापायचा आणि असं तीन आठवडे करायचं. मधे फक्त दोन दिवस सुट्टी आणि रस्ता बऱ्याचदा डोंगरातला.

प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजला जातो आणि सगळ्या टप्प्यांची बेरीज ज्याची सगळ्यात कमी, तो पिवळ्या जर्सीचा मालक. म्हणजे एकही टप्पा न जिंकता टूर जिंकता येते आणि तीन टप्पे जिंकूनही विसावा नंबर लागू शकतो. एका वाईट दिवसात तीन आठवड्यांची कमाई जाते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की त्यातली बरीचशी वाचते. म्हणूनच संघ लागतो. प्रत्येक संघात आठ जण, त्यातले बहुतेक एकाच नेत्यासाठी राबतात. त्याच्यापुढे राहून वारा खातात, मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याची सायकल मोडली तर स्वतःची काढून देतात. यांची नावं विजेत्यांच्या यादीत कधीच येत नाहीत.

वारा समोरून असला तर मागे लपता येतं. पण आडवा असला तर? इंदापूर तालुक्यातल्या उघड्या माळावर, दोन्ही बाजूंना आडोसा नसताना बाइक चालवलेल्याला आडवा वारा काय करतो ते माहीत आहे. शर्यतीत अशा वेळी सायकलपटू एकामागे एक न राहता तिरके, पंख्यासारखे उभे राहतात. पण रस्त्याची रुंदी संपली की पुढच्या माणसाला आडोसाच उरत नाही. तिथे घोळका तुटतो. पुढचा गट निघून जातो आणि मागचे कितीही दमदार असले तरी हातात काही राहत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे २०१९ मध्ये लागणार आहे.

उताराची भीती

२०१३ ची टूर पिनोसाठी वाईट गेली. पिरेनीज पर्वतात चढावर तो ठीक होता, पण उतरताना मागे पडत गेला. ताशी ७०-८० किलोमीटरच्या वेगाने, अंगठ्याएवढ्या रुंदीच्या टायरवर, वळणं घेत उतरायचं असतं. पिनोने उघड सांगितलं की त्याला वेगाची भीती वाटते.

व्यावसायिक खेळाडू हे सहसा कबूल करत नाही. प्रतिस्पर्ध्यांना कळलं की ते नेमके उतारावरच हल्ला करणार. तरी तो बोलला. नंतर घसा धरला, आजारी पडला आणि शर्यत सोडून गेला. मग भीती घालवण्यासाठी त्याने मोटारी वेगात चालवण्याचे धडे घेतले. त्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत तो सातवा आला.

पुढच्या वर्षी, २०१४ च्या टूरमध्ये, तो थेट तिसरा. इटलीचा विन्सेंझो निबाली पहिला, फ्रान्सचाच जाँ-क्रिस्तोफ पेरो दुसरा. १९९७ नंतर पहिल्यांदाच फ्रेंच सायकलपटू पॅरिसच्या पोडियमवर आले होते. आणि दोघे एकदम यायला तर १९८४ पासून थांबावं लागलं होतं. तरुणांमधल्या सर्वोत्तमाची पांढरी जर्सीही पिनोला मिळाली. वय २४. आता फक्त दोन पायऱ्या राहिल्या, असं सगळ्यांना वाटलं.

तो टूरच्या पोडियमवर परत कधीच चढला नाही.

२०१५ मध्ये पहिल्याच आठवड्यात वेळ गेला आणि एकूण क्रमवारीतून तो बाहेर पडला, पण शेवटून दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझचा टप्पा त्याने मारला. एकवीस वळणांचा हा घाट सायकलिंगचं पंढरपूरच म्हणावा असा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आल्प द्युएझ जिंकणारा माणूस फ्रान्समध्ये आयुष्यभर त्या मानाने ओळखला जातो. २०१६ मध्ये तो टाइम ट्रायलचा, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध पळण्याच्या प्रकाराचा, फ्रान्सचा राष्ट्रीय विजेता झाला. त्याच वर्षी टूर मात्र आजारपणामुळे सोडली. २०१७ मध्ये पुन्हा सोडली.

इटलीवरचं प्रेम

पिनोच्या दंडावर इटालियनमध्ये एक वाक्य गोंदलेलं आहे. अर्थ असा : फक्त विजयच सुंदर असतो. पराभवांसाठी प्रसिद्ध झालेल्या माणसाच्या हातावर हे वाक्य असावं, यावर फ्रान्समध्ये भरपूर विनोद झालेत. पण भाषा इटालियन आहे हे महत्त्वाचं. टूरचा गोंगाट, कॅमेरे आणि अपेक्षा यांच्यापेक्षा इटलीतल्या शर्यती त्याला जास्त मानवत.

२०१७ ची जिरो दि’इटालिया ही शंभरावी जिरो होती. पिनोने विसावा टप्पा जिंकला आणि एकूण चौथा आला. विजेत्या टॉम डुमुलिनपासून अंतर १ मिनिट १७ सेकंद. तिसऱ्या क्रमांकापासून ३७ सेकंद. तीन आठवड्यांनंतर ३७ सेकंद.

२०१८ ची जिरो त्याहून क्रूर. शेवटचा डोंगरी टप्पा सुरू झाला तेव्हा पिनो तिसरा होता. फक्त तो दिवस काढायचा होता, कारण रोममधला अखेरचा दिवस निव्वळ औपचारिक. त्या सकाळपासूनच त्याला ताप आणि अशक्तपणा होता. चेर्व्हिनियाच्या वाटेवर त्याचे पाय बंद पडले. संघातले सोबती त्याच्या पाठीला हात लावून त्याला वर नेत होते. सुमारे पाऊण तास उशिरा तो वर पोहोचला आणि तिथून थेट रुग्णालयात गेला. न्यूमोनिया निघाला. रोमला तो गेलाच नाही.

बरा होऊन त्याच वर्षी तो व्हुएल्टाला उतरला. दोन टप्पे जिंकले, त्यातला एक लागोस दे कोवादोंगा या स्पेनमधल्या मानाच्या घाटावरचा. आता टूर, जिरो आणि व्हुएल्टा या तिन्ही मोठ्या शर्यतींत टप्पा जिंकलेल्यांच्या यादीत त्याचं नाव गेलं.

मग ऑक्टोबरमध्ये इल लोंबार्दिया. एका दिवसाच्या शर्यतींमध्ये पाच शर्यती सगळ्यात मानाच्या, त्यांना ‘मॉन्युमेंट’ म्हणतात. त्यातली ही वर्षाअखेरची, उत्तर इटलीतल्या कोमो तलावाच्या परिसरातली. १३ ऑक्टोबर २०१८ ला पिनोने निबालीला त्याच्याच घरच्या रस्त्यांवर मागे टाकून ती जिंकली. १९९७ मधल्या लॉराँ जालाबेरनंतर हा पहिला फ्रेंच विजय. कागदावर पाहिलं तर पिनोच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं यश हेच. पण लोकांना त्याचं नाव घेतल्यावर हे आठवत नाही.

२०१९ : ते अठरा दिवस

२०१९ च्या टूरला पिनो २९ वर्षांचा होता, आयुष्यातल्या सर्वोत्तम फॉर्मात. पहिला आठवडा निर्धोक गेला. मग १५ जुलै, अल्बीकडे जाणारा दहावा टप्पा. सपाट, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. शेवटाकडे आडवा वारा सुटला, घोळका तुटला आणि पिनो चुकीच्या बाजूला राहिला. १ मिनिट ४० सेकंद गेले. डोंगरात महिनाभर घाम गाळून कमवायचा वेळ एका माळरानावर दहा-पंधरा मिनिटांत गेला.

पाच दिवसांनी टुर्मालेचा टप्पा. घाटमाथा २,११५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जागेपेक्षा उंच जागी सायकलने पोहोचायचं आणि शेवटची रेषा तिथेच. पिनो जिंकला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन त्या दिवशी तिथे हजर होते. दुसऱ्या दिवशी पुढच्या घाटावर त्याने पिवळ्या जर्सीतल्या जुलियाँ आलाफिलिपसकट सगळ्यांना सोडून दिलं आणि दुसरा आला. त्या दोन दिवसांत चढावर त्याच्याइतकं जोरात कुणीच चालत नव्हतं. एक फ्रेंच पिवळ्या जर्सीत, दुसरा फ्रेंच डोंगरात सगळ्यांत भारी. चौतीस वर्षांनी फ्रान्सला खरंच वाटायला लागलं की यंदा होणार.

सतराव्या टप्प्यात एक किरकोळ वाटावी अशी गोष्ट घडली. समोरचा अपघात चुकवताना पिनोचा गुडघ्यावरचा भाग हँडलवर आदळला. संघाने हे बाहेर कळू दिलं नाही. मांडीचा आतला स्नायू फाटला होता. अठराव्या टप्प्यात त्याने दात-ओठ खाऊन आल्प्सचे घाट काढले आणि कुणाला संशयही आला नाही. त्या संध्याकाळी तो पाचवा होता, आलाफिलिपपासून फक्त १ मिनिट ५० सेकंद मागे. पुढे दोन डोंगरी दिवस शिल्लक.

२६ जुलै, एकोणिसावा टप्पा. सुरुवातीच्या चढावरच पिनो मागे पडायला लागला. डॉक्टरांच्या गाडीपाशी गेला, पट्टी बदलून घेतली, पुन्हा पेडल मारून पाहिलं. पाय वाकत नव्हता. त्याचा जुना सोबती विल्यम बोने त्याच्यासाठी मागे आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालवत राहिला. काही वेळाने पिनो सायकलवरून उतरला आणि रडत संघाच्या गाडीत बसला. हे सगळं थेट प्रक्षेपणात.

त्यानंतर जे झालं ते एखाद्या सिनेमात दाखवलं असतं तर लोक हसले असते. इझेराँचा घाट, २,७७० मीटर. त्यापलीकडच्या खोऱ्यात जुलैमध्ये गारांचा पाऊस झाला, दरड कोसळली आणि रस्ताच बंद पडला. आयोजकांनी टप्पा मधेच थांबवला. वेळ घाटमाथ्यावरचा धरला. तिथे सगळ्यात पुढे होता कोलंबियाचा २२ वर्षांचा एगन बेर्नाल. पिवळी जर्सी त्याच्याकडे गेली आणि दोन दिवसांनी तो टूर जिंकणारा पहिला लॅटिन अमेरिकन ठरला.

पाय शाबूत असता तर पिनो जिंकला असता का? सायकलिंगवाले यावर अजून भांडतात. शक्यता चांगली होती एवढं आकडे सांगतात. पण दुर्दैव हा शब्द पिनोच्या बाबतीत फार सहज वापरला जातो. अल्बीच्या वाऱ्यात चुकीच्या जागी असणं हे दुर्दैव नव्हतं, ती शर्यतीतली चूक होती. अल्बीचे १०० सेकंद हातात असते तर तो आलाफिलिपच्या मागे अवघा दहा सेकंदांवर असता. उन्हाळ्यातली गरमी त्याला सोसत नसे, मोठ्या शर्यतींत तो वारंवार आजारी पडे. तीन आठवडे शरीर न मोडता टिकवणं हीच या शर्यतीतली मुख्य कला आहे आणि पिनोकडे चढण्याची ताकद जितकी होती तितकी ही कला नव्हती.

स्वतःच्या गावातून, २९ वा

२०२० ची टूर कोरोनामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेली. योगायोग असा की शेवटून दुसरा टप्पा लूर गावातून सुटून ला प्लांश दे बेल फीय या घाटावर संपणार होता आणि मधे मेलिझे लागणार होतं. पिवळ्या जर्सीच्या शर्यतीत स्वतःच्या गावातून जायचं, यापेक्षा वेगळं स्वप्न काय असणार?

पण पहिल्याच दिवशी नीसमध्ये, ओल्या रस्त्यावर, शेवटच्या काही किलोमीटरवर तो पडला. कंबरेखाली मार बसला. पहिला पिरेनीज टप्पा आला तसा तो मागे राहिला आणि संघाच्या सगळ्या आशा तिथेच संपल्या. त्याने शर्यत सोडली नाही. १९ सप्टेंबरला तो मेलिझेतून गेला तेव्हा क्रमवारीत त्याला काही मिळणार नव्हतं. गाव मात्र रस्त्यावर होतं. पॅरिसला तो २९ वा पोहोचला. त्याच टप्प्यावर तादेय पोगाचारने प्रिमोझ रोग्लिचकडून टूर हिसकावून घेतली, त्यामुळे जगाने तो दिवस वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवला.

पाठीच्या दुखण्याने पुढचं दीड वर्ष खाल्लं. २०२१ ची टूर त्याने घेतलीच नाही. या काळात तो मेलिझेत शेळ्या पाळत होता. फ्रेंच माध्यमांत त्याचे शर्यतींपेक्षा शेळ्यांसोबतचे फोटो जास्त यायला लागले. हे काही प्रसिद्धीसाठी केलेलं नव्हतं. जनावरं, मासेमारी आणि गावातलं शांत आयुष्य याबद्दल तो सुरुवातीपासून बोलत आला होता, आणि सायकलिंगमधल्या सततच्या दबावाचा त्रास होतो हेही.

एप्रिल २०२२ मध्ये, टूर ऑफ द आल्प्स या शर्यतीत, तो जवळजवळ जिंकलाच होता. चौथ्या टप्प्यात मिगेल आंखेल लोपेझने त्याला गाठलं. रेषा ओलांडल्यावर पिनोला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढे निघाला आणि या वेळी डेव्हिड दे ला क्रूझला हरवून जिंकला. टुर्मालेनंतरचा हा पहिला विजय, १,००७ दिवसांनी.

पिनोचं वळण

जानेवारी २०२३ मध्ये त्याने जाहीर केलं की हे शेवटचं वर्ष. मे महिन्यातल्या जिरोमध्ये तो पाचवा आला आणि डोंगरातल्या सर्वोत्तमाची निळी जर्सी घेऊन घरी गेला. दोन टप्प्यांत दुसरा आला. जिंकता जिंकता राहिला म्हणायचं, तर तेही आता ओळखीचं झालं होतं.

टूरचा विसावा टप्पा २२ जुलै २०२३ ला बेलफोर्टहून सुटला. तेच बेलफोर्ट, जिथून अकरा वर्षांपूर्वी तो पहिल्या विजयासाठी निघाला होता. व्होज पर्वतातल्या पेती बालाँ घाटावर त्याच्या चाहत्यांच्या ‘कोलेक्तिफ अल्ट्रा पिनो’ या गटाने एक वळण ताब्यात घेतलं होतं. ‘पिनोचं वळण’. हजारो लोक, बॅनर, धूर, गाणी.

पिनो त्या वळणावर आला तेव्हा तो एकटा होता आणि सगळ्यांच्या पुढे होता. गर्दी दोन्ही बाजूंनी इतकी आत आलेली की मधे सायकलपुरती फट. आवाज एवढा की समालोचक बोलायचे थांबले तरी चाललं असतं. पुढच्या घाटावर मागच्यांनी त्याला गाठलं, टप्पा पोगाचारने जिंकला, पिनो सातवा आला. एकूण क्रमवारीत अकरावा.

शेवटची शर्यत त्याने स्वतः निवडल्यासारखी होती. ७ ऑक्टोबर २०२३, इल लोंबार्दिया, बेर्गामो. फ्रान्सहून आलेले चाहते तिथेही एका चढावर उभे होते. जिंकण्याचा प्रश्न नव्हता. त्या चढावर पिनोने वेग कमी केला, लोकांच्या मधून हळूहळू गेला आणि मग मेलिझेला परतला, जनावरांकडे. वय ३३. टूरमध्ये तीन, जिरोमध्ये एक आणि व्हुएल्टामध्ये दोन टप्पे, एक मॉन्युमेंट, एकदा टूरचा पोडियम.

पुरुषांच्या टूरमध्ये इनोनंतर २०२५ पर्यंत एकही फ्रेंच विजेता झालेला नाही. महिलांच्या टूर द फ्रान्समध्ये मात्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये पोलिन फेराँ-प्रेवोने पिवळी जर्सी जिंकली.